कॉफीच्या डब्यातला नांगर

मित्रांनो, नांगर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे बैलजोडी आणि काळी जमीन उभी राहते. मी त्यातला नव्हे. मी होडीचा नांगर, पाण्यात बुडी मारून होडीला एका जागी धरून ठेवणारा. बंदरात दिमाखाने लटकणाऱ्या लोखंडी, आकडेवाल्या नांगरांच्या खानदानाशीही माझा काही संबंध नाही. कॉफीच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून मला घडवले आहे. डबा केव्हाच गंजून गळून पडला, त्याच्या वळ्या तेवढ्या अंगावर उमटून राहिल्या. रूप नाही म्हणून मला कधी वाईट वाटले नाही. तळ्याच्या तळाशी आरसा लागत नाही, वजन लागते, आणि ते माझ्याकडे भरपूर आहे.

आमचे तळे मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या मुलखात आहे. काठाकाठाने फिनलंडहून आलेल्या माणसांची घरे आहेत. ही माणसे आधी सौना बांधतात आणि मग घर. सौना म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली. शनिवारी संध्याकाळी त्यात बसून आठवड्याचा मळ आणि राग दोन्ही घामावाटे काढून टाकायचे, अशी इथली रीत आहे. राग प्रत्येक वेळी निघतोच असे नाही, हे मी पुढे सांगणारच आहे.

तौनो आणि ओन्नी हे दोघे भाऊ वडिलांच्या सौनाचा पाया भरत होते, तेव्हा माझा जन्म झाला. थोडे सिमेंट उरले. वाया घालवले तर वडील कान उपटतील, म्हणून ओन्नीने आईचा कॉफीचा डबा पळवून आणला आणि तौनोने खाणीच्या भंगारातली एक लोखंडी कडी माझ्या डोक्यात बसवली. सिमेंट ओले होते तोवर दोघांनी त्यावर आपापला अंगठा दाबला. तौनोचा अंगठा रुंद आणि ओन्नीचा जरासा वाकडा, कारण लहानपणी तो दाराच्या फटीत चेंगरला होता.

"हा आपला शिक्का," ओन्नी म्हणाला. "आता नांगर चोरीला गेला तरी पोलिसांना दाखवता येईल."

"असला नांगर चोरणाऱ्याला पोलीस नको, डॉक्टर लागेल," तौनो म्हणाला.

आणि मला पहिल्यांदा उचलताना त्याचीच कंबर धरली!

आता मी कशासाठी जगलो ते सांगतो. आमच्या तळ्यात वॉलाय नावाचा मासा आहे. अंगाने सोनेरी, चवीला गोड, आणि डोळे असे की अंधारात कंदील धरला तर मांजराच्या डोळ्यांसारखे चमकतात. त्या डोळ्यांना ऊन सोसत नाही. उन्हाळा सरत आला की हा दिवसभर खोल पाण्यात तोंड लपवून बसतो, आणि रात्री पाण्याखालचा खडक जिथे वर आलेला असेल तिथे चरायला चढतो. असा खडक ज्याला ठाऊक, त्याच्या घरी तव्यावर मासा. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या अंगाला नुसते डास. म्हणून इथे माणूस एक वेळ पगार सांगेल, पण खडकाची जागा सांगणार नाही.

आमचा खडक सापडला तो माझ्यामुळे, आणि हे सांगताना मी लाजणार नाही. ऑगस्टमधली रात्र होती. दोघे भाऊ वाऱ्याबरोबर वाहत तळ्याच्या मध्यावर आले होते. खाली चिखल असणार असे समजून त्यांनी मला सोडले, आणि मी टण्‌कन आपटलो.

"हे काय वाजलं?" तौनोने विचारले.

"नांगर."

"ते मलाही कळतं, गाढवा. कशावर वाजलं?"

ओन्नीने दोर हलवून पाहिला आणि उत्तर द्यायच्या आधीच त्याच्या गळाची दोरी ताणली गेली. त्या रात्री दोघांनी घरी इतके मासे नेले की आईने शेजारणीला उठवून दिले.

पण पाण्यावर खुणेचा दगड ठेवता येत नाही. मग भावांनी डोके चालवले. खडकावर होडी उभी असताना मागे वळून पाहिले, तर वडिलांच्या सौनाच्या खिडकीतला दिवा टेकडीवरच्या चर्चच्या दिव्याच्या बरोब्बर खाली येत होता. त्या दोन दिव्यांची रेघ धरून सरळ निघायचे, हे ठरले. पण थांबायचे कुठे? ते कोडे ओन्नीने लग्नानंतर सोडवले. समोरच्या काठावर घर बांधताना त्याने आपला सौना मुद्दाम घरापासून लांब, उतारावर, पाण्याच्या अगदी कडेला बांधला. तिथल्या खिडकीतला दिवा तळ्यातल्या बेटाच्या टोकामागे दडलेला असे आणि होडी खडकावर आली रे आली की बाहेर डोकावत असे. त्याची बायको म्हणाली, "अंघोळीला जायला इतक्या पायऱ्या उतरायच्या? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" ओन्नी गप्प बसला. माशासाठी सौना हलवला, हे कुठला नवरा बायकोला सांगेल?

ती माझी भरभराटीची वर्षे होती. दर शनिवारी वाफ घेऊन झाली की भाऊ होडीत बसत. तौनोची बायको लेंपी त्यांच्यासोबत कॉफीची बाटली आणि वेलची घातलेला गोड पाव द्यायची. सोबत जळवांची बरणीही असे, कारण वॉलायला जळू म्हणजे जीव की प्राण. ती बरणी फ्रीजमध्ये लोण्याशेजारी ठेवली जाई आणि त्यावरून लेंपी दर आठवड्याला भांडत असे. मी खाली खडकाला चिकटून बसायचो. वर दोन भाऊ, एक कंदील आणि मधूनच लांब हेल काढून ओरडणारा लून पक्षी. वारा कितीही सुटला तरी होडी तसूभर सरकली नाही.

मग दुलुथ शहरातून ओन्नीच्या बायकोचे मामा आले. सासरची माणसे आली की शहाण्या माणसाचीही जीभ सैल सुटते. मामा म्हणाले, "तुमच्या या डबक्यात मासे आहेत तरी का?" ओन्नीला ते झोंबले आणि तो त्यांना खडकावर घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात तौनोने काठावरून पाहिले तर आपल्या खडकावर मामांच्या मित्रमंडळींच्या होड्या, वर दिवे, आणि रेडिओ सुरू!

तौनो समोरच्या काठावर गेला. मी होडीतच होतो. त्याने ओन्नीला एवढेच सांगितले, "खडक आपला होता." ओन्नीने मान खाली घातली. तौनो वळला आणि परत आला. तेव्हापासून त्याने भावाशी बोलणे टाकले ते टाकलेच. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. इथली माणसे भांडत नाहीत, मुकी होतात, आणि ते भांडणाहून वाईट असते. ओन्नीची बायको वारली तेव्हा तौनो चर्चमध्ये गेला, भावाशी हात मिळवला, उभ्या उभ्या कॉफी प्याला आणि घरी आला. एक शब्द नाही. ओन्नीनेही कधी पाऊल पुढे टाकले नाही. मला त्या दिवसांत फार राग यायचा. पण दगडाच्या रागाला कोण विचारतो?

मात्र शनिवारची मासेमारी थांबली नाही. तौनो एकटा निघायचा. वडिलांचे घर आता त्याच्याकडे होते, तिथल्या सौनाच्या खिडकीत लेंपी दिवा ठेवायची. तौनो चर्चच्या दिव्याची रेघ धरून यायचा, बेटाच्या टोकामागून ओन्नीचा दिवा डोकावला की मला सोडायचा. म्हणजे भावाचे तोंड पाहायचे नाही, पण त्याचा दिवा मात्र दर आठवड्याला वापरायचा! लेंपी त्याला टोमणा मारायची, "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे तुझ्याकडून शिकावं."

"दिवा त्याच्या घरात आहे, उजेड तळ्यावर आहे. तळं काही त्याच्या बापाचं नाही," तौनो म्हणायचा.

"त्याचा बाप तोच तुझा बाप होता," लेंपी म्हणायची आणि आत निघून जायची.

अशीच वर्षे गेली. दोर बदलले, होडी बदलली, मी तोच राहिलो. तौनोचा खांदा मात्र कुरकुरू लागला. या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला मला धक्क्यावरून होडीत घेताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "हा नांगर जड झालाय."

"नांगर तोच आहे," लेंपी म्हणाली. "तू हलका झालायस. सरक, मी येते."

"तू? दिव्याकडे कोण बघणार?"

"दिव्याला घास भरवावा लागत नाही. तेल घातलंय, काच पुसलीय, जळेल तो."

अशा रीतीने लेंपी पहिल्यांदा रात्रीच्या मासेमारीला आली. हवा थांबलेली होती. पाणी काळे आणि कोमट. तौनो होडीची मोटर अगदी हळू चालवत होता आणि मान वळवून मागची रेघ सांभाळत होता. चर्चचा दिवा वर, सौनाचा दिवा खाली, अगदी सरळ.

"आता पुढे बघ," तो लेंपीला म्हणाला. "बेटाच्या टोकामागून उजेड दिसला की सांग."

लेंपी बघत राहिली. बेट सरकत सरकत मागे पडू लागले. उजेड काही दिसेना.

"दिसला?"

"नाही."

"नीट बघ."

"डोळे तुझे गेलेत, माझे नाहीत. तिकडे मिट्ट काळोख आहे."

तौनोने मोटर बंद केली आणि स्वतः बघितले. मग ओठ घट्ट मिटून अंदाजाने मला पाण्यात सोडले. मी खाली गेलो, आणखी खाली गेलो, आणि चिखलात गळ्यापर्यंत रुतलो. थंड, लिबलिबीत चिखल. इतक्या वर्षांत असा अपमान माझ्या वाट्याला आला नव्हता!

"चिखल," दोर हलवून तौनो म्हणाला. "मुद्दाम विझवलाय त्याने दिवा. इतकी वर्षं मनात ठेवलं आणि आता डाव साधला."

लेंपी म्हणाली, "एक विचारू? दुलुथची ती टोळी पुढच्या वर्षी का आली नाही?"

"खडक सापडला नाही त्यांना. शुक्रवारी रात्र रात्र घिरट्या घालायचे. हसून हसून पोट दुखलं माझं."

"मामांना जागा दाखवली होती, खुणाही सांगितल्या होत्या. तरी का सापडला नाही?"

"मूर्ख होते म्हणून."

"मूर्ख कोण ते सांगते. आधी ओन्नीचा दिवा रोज रात्री दिसायचा. तू बोलणं टाकलंस, तेव्हापासून तो फक्त शनिवारी दिसतो. मी ओट्याजवळ उभी असते रोज, मला समोरचा काठ दिसतो. ती माणसं यायची शुक्रवारी, तेव्हा दिवा नसायचा. शनिवारी ती गावात नाचायला जायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं."

तौनोने पुन्हा समोरच्या काळोखात पाहिले.

"त्याने तुझा खडक तुला परत दिला, तौनो," लेंपी म्हणाली. "तोंडाने सांगता येत नव्हतं, म्हणून दिव्याने सांगितलं. वर्षानुवर्षं एक शनिवार चुकवला नाही त्याने. बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा दिवा होता. आणि आज तो माणूस रागाने दिवा विझवेल?"

मी खाली चिखलात होतो, पण दोरातून सगळे कळत होते. तौनो दोर उगाचच ओढून बघत होता. मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटले की कुणीतरी मला इथून पटकन उपटून काढावे. नांगराला असे वाटणे म्हणजे धंद्याशी बेइमानी, पण वाटले खरे.

"उद्या सकाळी गाडीने जाऊन बघू," तौनो हळूच म्हणाला.

"सकाळी मी पाव भाजणार आहे," असे म्हणून लेंपी उठली, दोर दोन्ही हातांनी धरला आणि तिने मला ओढले. चिखल सोडेना. तीही सोडेना. मीही सगळा जोर लावला, असे म्हटले तर तुम्ही हसाल, पण लावला. भस्सकन मी सुटलो आणि चिखलासकट होडीत पडलो. तौनोच्या बुटांचे वाटोळे झाले. त्याने मोटर सुरू केली. हळू नव्हे, पूर्ण वेगाने.

ओन्नीच्या धक्क्यावर होडी लागली तेव्हा सौना काळाकुट्ट होता. लेंपीने मला धक्क्यावर टेकवून दोर अडकवला आणि कंदील उचलला. रात्री पाण्याकाठी आवाज लांबपर्यंत येतो, आणि कंदिलाचा उजेडही होता, म्हणून पुढचे सगळे मला कळले.

ओन्नी सौनाच्या पायऱ्यांखाली पडलेला होता. पाय वेडावाकडा वळलेला, शेजारी दिव्याची काच फुटलेली. दिवस मावळल्यापासून तो तिथेच होता. डासांनी त्याचा चेहरा फोडून काढला होता. तौनो त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांचे मौन मोडायचे म्हणजे काय बोलावे, हे त्या बिचाऱ्याला सुचेना. मग जे मनात होते तेच बाहेर पडले.

"दिवा का नाही लावलास?"

ओन्नीने डोळे उघडले.

"लावायलाच चाललो होतो," तो म्हणाला.

तौनो खाली बसला. त्याने भावाचे डोके मांडीवर घेतले आणि हातानेच डास वारू लागला. तो रडत होता, हे मला त्याच्या श्वासावरून कळले. लेंपी घरात धावली आणि तिने गावात फोन केला. रुग्णवाहिका यायला वेळ होता.

"खांदा कसा आहे तुझा?" ओन्नीने विचारले.

"तुला कुणी सांगितलं खांद्याचं?"

"दिसतं की. काठावरून. हल्ली नांगर उचलताना थांबतोस."

तौनो उठला, सौनात गेला आणि फुटक्या काचेचा दिवा पुसून, वात वर करून त्याने तो पेटवला. मग खिडकीत नेऊन ठेवला.

"आता कशाला?" ओन्नी म्हणाला. "तू तर इथे आहेस."

"शनिवार आहे," तौनो म्हणाला.

ओन्नीचा पाय मोडला होता. त्याला प्लास्टर घालून घरी सोडले, आणि घरी म्हणजे तौनोच्या घरी, कारण लेंपीने दुसरा विचारच कुणाला करू दिला नाही. महिनाभर तिने दोन म्हाताऱ्यांचे टोमणे ऐकले. इतक्या वर्षांचे साचलेले बोलणे होते, ते काही संपता संपेना. "तुम्ही मुके होता तेच बरं होतं," असेही ती एकदा म्हणाली, पण म्हणताना हसत होती.

उन्हाळ्याच्या अगदी शेवटच्या शनिवारी ती गाडीने तळ्याला वळसा घालून समोरच्या काठावर गेली आणि ओन्नीच्या खिडकीत दिवा लावून आली. मग आपल्या खिडकीत लावला. ओन्नीच्या प्लास्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधून त्याला होडीत बसवले आणि तिघे निघाले.

"थोडं डावीकडे," ओन्नी म्हणाला.

"मला शिकवू नकोस. एकट्याने येत होतो मी."

"एकट्याने? माझ्या दिव्यावर!"

"दोघांनी तोंड मिटा," लेंपी म्हणाली. "मासे पळतील."

चर्चचा दिवा वर, सौनाचा दिवा खाली. बेटाचे टोक सरकले आणि त्यामागून ओन्नीचा दिवा डोकावला, लहान, पिवळा, स्थिर. तौनोने मला उचलायला हात घातला आणि खांद्यात कळ आली म्हणून थांबला. तेव्हा दुसऱ्या बाजूने ओन्नीने हात घातला. अंधारात चाचपडताना रुंद अंगठा रुंद खळगीत गेला आणि वाकडा अंगठा वाकड्या खळगीत. दोघांच्याही ते लक्षात आले. त्यांनी मला आवाज न करता पाण्यात सोडले.

टण्!

"खडक," ओन्नी म्हणाला.

"आपला," तौनो म्हणाला.

मित्रांनो, मी म्हातारा झालो असलो तरी कामातून गेलेलो नाही. माझी कडी गंजू देऊ नका आणि दोर दर वर्षी नीट बघत चला. दोर एकाएकी तुटत नाही, आधी त्याचा एकेक धागा सुटत असतो आणि आपण बघत नाही. समोरच्या काठावर कुणी तुमच्यासाठी दिवा लावत असेल, तर नुसता उजेड वापरू नका, एकदा जाऊन त्याची खुशाली विचारून या. बाकी काळजी माझ्यावर सोडा. शनिवार आला की मला होडीत घ्या, आणि जड वाटलो तर दोघांनी उचला.